दार लावून म्हणायचं नाव

आमच्या भागात, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, बाळाचं नाव शोधायला कुणी बसत नाही. घरातल्या गेलेल्या माणसांपैकी एकाचं उचलायचं आणि ठेवायचं. माझं ओक्का हे नाव माझ्या आजीचं. माझ्या आईचं नाव फेना, ते तिच्या पणजीचं. मुलगी झाली तेव्हा मी 'फेना' म्हणत होते, पण माझ्या नवऱ्याने, हिंडर्कने, हट्टाने स्वतःच्या आईचं नाव पुढे केलं आणि मुलगी टोमा झाली. हिंडर्क आता नाही, म्हणून त्याच्याविषयी जास्त बोलत नाही. सांगायचं एवढंच, की नाव हा आमच्याकडे एका संध्याकाळच्या भांडणाचा विषय असतो. महिनोन्महिने चालणारी परीक्षा नसते.

म्हणूनच टोमाला दिवस गेले, मुलगी आहे असं कळलं, आणि माझ्या जावयाने चहाच्या टेबलाशी जाहीर केलं की "नाव असं हवं, जे जर्मनमध्येही बसेल आणि इंग्रजीतही," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

जावई इंग्रज. नाव जाइल्स. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करतो, एम्डेन बंदरातून बोटीने जातो-येतो. माणूस वाईट नाही. भांडी घासतो, समुद्राच्या बांधावरून चालताना मला हात देतो. पण गोड बोलणाऱ्या माणसाच्या खिशात काय आहे ते आधी बघावं, असं माझं मत आहे.

"कशाला बसायला हवं दोन्हीत?" मी विचारलं. "पोरगी इथेच वाढणार ना?"

"ओक्का, मला इथे कुणी माझ्या नावाने हाक मारतं का? डॉक्टरकडे 'गीलेस' म्हणतात, पोस्टमन 'यीलेस' म्हणतो, आणि तू तर 'मुला' म्हणतेस."

"मग काय चुकलं? जावई म्हणजे मुलगाच."

"तेच. माझे झाले ते हाल तिचे नकोत."

उत्तर तयार होतं. फारच तयार होतं. आणि टोमा, जी एरवी मला एक वाक्य पुरं करू देत नाही, ती गप्प बसून होती.

परीक्षा अशी असायची. दर रविवारी दुपारी दोघं माझ्याकडे चहाला येत. खडीसाखरेवर गरम चहा पडून ती तडतडली की जाइल्स लॅपटॉप उघडून आपल्या आईला व्हिडिओ कॉल लावायचा. बेरिल तिचं नाव, माझी विहीण. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एकटी राहते, खुब्याच्या ऑपरेशननंतर प्रवास करत नाही. जाइल्स एक नाव काढायचा. आधी बेरिलने म्हणायचं, मग मी. दोघींच्या तोंडून सारखं निघालं तर पास, एकीची जरी जीभ अडखळली तरी बाद.

इथवर ठीक होतं. पण मी त्याच्या समोर बसलेली असताना तो त्याच कॉलला जोडलेला आपला फोन माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "स्वयंपाकघरात जाऊन म्हण. दार लावून घे."

"का? मी इथे बसलेय, दिसत नाही तुला?"

"दिसतेस. पण आवाज फोनवरून यायला हवा."

"तुझ्या आईचा आवाज समुद्रापलीकडून येतो, म्हणून माझाही पलीकडून आणायचा?"

"हो," तो म्हणाला. "अगदी तसंच."

टोमाने खाली बघितलं. ते खाली बघणं मी विसरले नाही.

शेजारच्या गेशेला मी हे सांगितलं. गेशे म्हणजे दुसऱ्याच्या घरात धूर दिसला की स्वतःची चूल सोडून धावणारी बाई, पण तिची नजर तीक्ष्ण आहे. ती म्हणाली, "ओक्का, छत्री चार-चारदा उघडून कोण बघतं गं? ज्याला बाहेर पडायचंय तोच ना? इंग्रजीत नाव लागतंय कशाला? पोरगी चालली तुझी इंग्लंडला."

मी तिला म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. आणि घरी येऊन चहाची किटली तशीच गॅसवर विसरले.

मला भीती वाटत होती, सरळ सांगते. हिंडर्क गेल्यापासून माझा आठवडा टोमावर उभा आहे. ती दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्या घराचे दिवे मला वरच्या खिडकीतून दिसतात, आणि ते दिसले की मी झोपते. आता कुठे नात येणार, तर तिला उचलून समुद्रापलीकडे न्यायची? मग मी वरच्या खिडकीतून काय बघायचं?

एकदा संशय आला की माणसाला सगळीकडे खुणा दिसायला लागतात. आमच्याकडे बाळ यायच्या कितीतरी आधी आजी ब्रँडीत मनुके आणि खडीसाखर घालून बरणी भरून ठेवते. बाळ बघायला येईल त्याला ते चमच्याने खायला द्यायचे. मी मोठी बरणी भरली, तर जाइल्स मागे येऊन उभा. कृती विचारली. किती ब्रँडी, किती दिवस, सगळं. वर म्हणाला, "घट्ट झाकणाची छोटी बरणी आहे का? सांडायला नको."

"प्रवासात?" मी पटकन विचारलं.

"हो," म्हणाला, आणि मग, "म्हणजे, गाडीत."

पुढे मी पाळण्याचा विषय काढला. लेअर गावातल्या दुकानात चांगला लाकडी पाळणा बघून ठेवला होता. टोमा म्हणाली, "आई, एवढं जड काही घेऊ नकोस."

"जड? पाळणा काय डोक्यावर घेऊन फिरायचाय?"

"घेऊ नकोस म्हटलं ना."

आणि तिसरी गोष्ट. रविवारचा चहा दुपारी न घेता सकाळी अकराला घ्यायचा का, असं तिने विचारलं. अकराचा चहा आमच्याकडे असतोच, त्यामुळे नाही म्हणायला कारण नव्हतं. "पण का?" म्हटलं तर म्हणाली, "सवय व्हावी म्हणून." कसली सवय, ते सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला कळतं. तिला बोलायला मीच शिकवलंय.

मग मी ठरवलं. नाव ठरलं की ही दोघं निघणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तेव्हा नाव ठरूच द्यायचं नाही.

सुरुवातीची नावं आपोआप पडली होती. ईडा पडलं, कारण बेरिल त्याला 'आयडा' म्हणाली. मार्था पडलं, कारण माझी जीभ आमच्या सवयीने 'मार्टा' म्हणाली. पण नोरा निघालं त्या दिवशी बेरिल स्वच्छ 'नोरा' म्हणाली. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले, दार लावलं, मनुक्यांच्या बरणीकडे बघितलं आणि म्हणाले, "नोआर्र."

मग जाइल्स. "परत म्हण, ओक्का?"

"नॉर्रे."

नोरा बाद. पुढच्या रविवारी क्लारा बाद केली. त्यापुढच्या रविवारी टिल्डा.

"टिल्डामध्ये अडखळण्यासारखं काय आहे?" मी बाहेर आल्यावर जाइल्सने विचारलं.

"कवळी सैल झालीय."

"गेल्या रविवारी तर नव्हती!"

"कवळी काय तुला विचारून सैल होते?"

टोमा माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिच्या कपात चहा ओतला. तिने लगेच कपात चमचा उभा केला, म्हणजे पुरे. आमच्याकडे तीन कप झाल्याशिवाय कुणी चमचा उभा करत नाही. पहिल्याच कपाला उभा केला तर समजावं की माणूस रागावलंय.

पुढच्या रविवारी जाइल्सने नाव काढलं नाही. टोमाने काढलं. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "फेना."

मी किटली खाली ठेवली. माझ्या आईचं नाव! जे मी पोटच्या पोरीला देऊ शकले नाही, ते आता माझ्यासमोर ताटात वाढून ठेवलं होतं. पहिला विचार काय आला असेल? की हे आमिष आहे. पोरीला ठाऊक आहे मी मुद्दाम करतेय, म्हणून तिने असं नाव काढलं जे मला बिघडवता येणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या दिवशी टोमाने क्रमही उलटा केला. "आधी तू, आई."

मी स्वयंपाकघरात गेले. दार लावलं. बिघडवायचं म्हणून तोंड उघडलं, आणि आई डोळ्यांपुढे आली. गोठ्याच्या दारातून वडील तिला हाक मारायचे ती ऐकू आली. नाही बिघडवता आलं. "फेना," मी म्हणाले, आणि ते असं नीट निघालं की माझंच मला रडू आलं.

आता सगळं बेरिलवर होतं. तिने नीट म्हटलं की नाव पास, आणि पोरगी गेली.

"फीना," बेरिल म्हणाली. "फेनिया. थांबा हं. फिन्हा. नाही बाई, मला नाही जमत."

मी फोन घेऊन तशीच उभी राहिले. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग राग आला. माझ्या आईच्या नावाची ही दशा! आणि मग एकदम आठवलं. बेरिलची एक शेजारीण आहे, जेना. या जेनाच्या मांजरीने काय केलं, जेनाच्या नवऱ्याने काय केलं, हे आम्ही दर रविवारी ऐकतो. जेना म्हणता येतं, तर फेना का म्हणता येऊ नये?

चोराच्या वाटा चोराला ठाऊक. बेरिल मुद्दाम करत होती.

पण का? ती दोघं इंग्लंडला निघाली असती, तर बेरिलने पहिल्याच रविवारी पहिलंच नाव नाचत पास केलं असतं. म्हणजे इंग्लंडला नाहीत चाललेली. इथे राहणार असती तर पाळणा जड झाला नसता. मग कुठे? गुरुवारपर्यंत मी कशीबशी कळ काढली आणि बेरिलला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा, मी एकटीने.

"ओक्का? बाळाला काही झालं का?"

"बाळ बरं आहे." माझं इंग्रजी शाळेतलं, त्यात आडपडदा ठेवायची सोय नाही. "तुम्ही खोटं बोलता. तुम्हाला फेना म्हणता येतं."

बेरिल म्हणाली, "आणि तुम्हाला नोरा म्हणता येतं. कवळी म्हणे! जाइल्सने मला इंग्रजीत सांगितलं तेव्हा मी हसू नये म्हणून ओठ चावत होते."

"मी माझ्या मुलीसाठी केलं. तुम्ही कशासाठी?"

"रविवारसाठी," ती म्हणाली. "आधी तो महिन्यातून एकदा फोन करायचा, तोही उभ्या उभ्या. हे नावाचं निघाल्यापासून दर रविवारी करतो. मी तुमची किटली बघते, तुमचा पडदा बघते. तुम्ही फेना नीट म्हणालात, तेव्हा मला पाडावंच लागलं. नाव ठरलं की संपलं ना सगळं?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "जाइल्सने तुम्हाला काय सांगितलंय?"

"काही नाही. पण परवा म्हणाला, 'माळ्यावरचे माझे जाड कोट कुणाला तरी देऊन टाक, आता लागायचे नाहीत.' मी म्हटलं, जर्मनीत थंडी पडत नाही का रे? तर विषय बदलला. आणि आता रविवारी इथले दहा वाजलेत तोच फोन हवा असतो त्याला. माझं चर्च बुडतं. का, तर म्हणे उशीर केला तर बाळ झोपलेलं असेल."

"सकाळी दहाला कुठलं बाळ झोपतं?"

"तेच तर."

माझ्याकडे पाळणा होता आणि अकराचा चहा, तिच्याकडे कोट आणि दहाचं चर्च. चारी तुकडे जोडले तर एकच चित्र होत होतं. कुठलीतरी उबदार जागा, जिथे आमची सकाळ असताना संध्याकाळ झालेली असते.

"लांब आहे गं," बेरिल म्हणाली.

"फार लांब," मी म्हणाले. "बेरिल, रविवारी मी विचारते. तू फोन ठेवू नकोस."

रविवारी अकराला दोघं आली. मी चहा ओतला. खडीसाखर तडतडली. लॅपटॉपमध्ये बेरिल नीट केस विंचरून बसली होती. जाइल्सने नाव काढायला तोंड उघडलं, त्याआधी मी विचारलं, "कुठे?"

"काय कुठे?"

"कोट लागत नाही असं कुठे?"

जाइल्सने लॅपटॉपकडे बघितलं. बेरिलने हाताची घडी घातली. टोमा रडायला लागली, आणि त्यातच म्हणाली, "तैवान."

मला ते नकाशावर दाखवता आलं नसतं. "काय आहे तिथे?"

"समुद्र. पवनचक्क्या," जाइल्स म्हणाला. "तीन वर्षांसाठी. बाळ जरा मोठं झालं की निघायचं."

"तीनच?"

"कदाचित पाच."

"आणि मला कधी सांगणार होतात? विमानात बसून?"

"बाळ झाल्यावर," टोमा म्हणाली. "तुझी झोप उडाली असती, आई."

"आता काय झोपतेय मी? महिनोन्महिने तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून माझाच चहा प्यायलात आणि टेबलाखाली एकमेकांच्या पायावर पाय दिलेत! गेशेला कळतं, मला नाही कळत?"

मला अजून एक विचारायचं होतं, आणि ते विचारताना माझा आवाज चढला. "तिथे काय इंग्रजी बोलतात?"

"नाही," जाइल्स म्हणाला.

"जर्मन?"

"नाही."

"मग हा सगळा तमाशा कशाला? त्या लोकांच्या जिभेला जमेल असं नाव शोधायचं ना! दोन म्हाताऱ्यांना कशाला छळलंत?"

जाइल्स कपाकडे बघत होता. त्याच्या कपात चमचा नव्हता. मग तो हळूहळू बोलला, आपली जर्मन वाक्यं एक एक तपासत. "तिथले लोक तिला काय म्हणायचं ते म्हणतील. मला सवय झाली, तिलाही होईल. पण तुम्ही दोघी तिला फोनमध्येच भेटणार आहात, ओक्का. तिकडे तिला आमच्याशिवाय आपलं माणूस नाही. फक्त हे दोन आवाज. तू तिला एक म्हणालीस आणि आई दुसरंच म्हणाली, तर तिला वाटेल दोघींपैकी एक जण भलत्याच कुणाला तरी हाक मारतेय. मला ते नको होतं. दोघींनी तिलाच हाक मारायला हवी." तो थांबला. "म्हणून दार लावायला सांगत होतो. इथे समोर बसून तुझा आवाज कसा येतो ते मला माहीत आहे. तिला जसा येणार, तसा ऐकायचा होता."

लॅपटॉपमध्ये बेरिलला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. टोमाने तिला इंग्रजीत सांगितलं. ती ऐकत गेली, आणि मग चष्मा काढून बाजूला ठेवला.

मी चिडलेलीच होते. अजूनही आहे. कारण चांगलं असलं म्हणून चोर साव होत नाही, आणि तैवान जवळ येत नाही. माझा संशय खरा निघाला होता, अगदी पहिल्या दिवसापासूनचा, आणि त्याचं मला काडीचंही समाधान नव्हतं. मी उठले. त्याच्यासमोरचा फोन उचलला, स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं.

बरणी तिथेच होती. मनुके फुगून काचेला टेकले होते. ओट्याला टेकून मी जरा वेळ उभी राहिले. अजूनही मला ते बिघडवता आलं असतं. पण ती दोघं गेलीच असती, फक्त वेगळं नाव घेऊन.

"फेना," मी फोनमध्ये म्हणाले.

"फेना," बेरिल म्हणाली, तिकडून, नीट, पहिल्या खेपेला.

टोमाने दारावर टकटक केली. "आई, झालं. दोघींचं सारखं आलं. ये ना आता बाहेर."

"तू तिकडेच थांब," मी म्हणाले. "मला सवय करू दे."

आणि दार न उघडता मी पुन्हा हाक मारली, "फेना."